परतीच्या खिडकीवर

ईरीमध्ये तळं गोठलं की आमच्या दुकानात
परत येणाऱ्या वस्तूंची रांग वाढते.
मी खिडकीशी. छातीवर पाटी : डोरीन.
टोस्टर, हातमोजे, एकदा तर अर्धा खाल्लेला केक.
सगळ्यांना एकच विचारते : काय बिघडलं?

एडमंड वोयचिक मंगळवारचा.
आधी इंजिनांच्या कारखान्यात जोडारी होता,
आता नुसता मंगळवारचा.
खेळण्यांच्या चौथ्या रांगेत उभा राहून
सहा इंची सेनापतींच्या पेट्या एकेक उचलायचा,
प्लॅस्टिकच्या खिडकीला नाक लावायचा.
डोळे बघायचा. फक्त डोळे.
"रंगवणारीचा हात थकलेला असला
तर बुबुळ घसरतं," म्हणायचा.
विसांतला एक निवडायचा
आणि घरी नेऊन कधीच उघडायचा नाही.
एकतीस वर्षं. चारशे बारा पेट्या.
झाकली मूठ.

मग कंपनीला पृथ्वी आठवली.
खिडकी गेली, तारेचे पीळ गेले, पारदर्शक कवच गेलं.
राहिला पुठ्ठा, त्यावर सेनापतीचं चित्र,
चित्रातले डोळे अर्थात बिनचूक.
आत कागदी सुतळीने बांधलेला तो
नखशिखांत प्लॅस्टिकचाच.
त्याबद्दल पेटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

नारळातलं पाणी ऐकावं तशी
एडमंडने पेटी कानाशी धरून हलवली.
"म्हणजे आता विश्वास ठेवायचा," म्हणाला,
शिवी दिल्यासारखं.
तरी घेतली.

ती नोव्हेंबरातली. मार्चमध्ये परत आणली.
टोपीवर बर्फ, दोन्ही हातांवर पेटी आडवी,
झोपलेलं मूल आणावं तशी.
काय बिघडलं?
त्याने ती फळीवर ठेवली आणि हळूच फिरवली.

सेनापतीच्या छापील कोपराजवळ
पुठ्ठा ओलसर फुगलेला, मग फाटलेला,
आणि त्यातून बाहेर
एक पांढुरका, जांभळ्या टोकाचा कोंब.

कुणीतरी सेनापती काढून घेऊन,
वजनाला वजन म्हणून मोज्यात बटाटा घालून,
पेटी नीट चिकटवून परत केली होती.
याच खिडकीवर. बहुधा माझ्याच हातात.
खिडकी असती तर मला दिसला असता.
(खिडकी असती तर त्याला बाहेर येता आलं नसतं,
हे रात्री भांडी घासताना सुचलं.)

मशीनमध्ये कारणांची यादी आहे :
तुटलं. माप चुकलं. आवडलं नाही.
'उगवलं' नाही.
मी 'इतर' दाबलं.

"बाकीच्या पेट्या तरी बऱ्या," मी म्हटलं,
काहीतरी बोलायचं म्हणून.
"त्यांच्या खिडक्या पिवळ्या पडल्यात," तो म्हणाला.
"आत कोण कुठे बघतंय, कळत नाही.
की माझंच काही झालंय."

चोवीस डॉलर, नव्व्याण्णव सेंट मोजून दिले.
नियमाने वस्तू आता दुकानाची,
म्हणजे मागच्या दारच्या पिंपाची.
"हा ठेवू का मी?"
"पेटी लागेल मला. तिच्यावर कोड आहे."

तेव्हा त्याने अंगठ्याचं नख झाकणाखाली सरकवलं
आणि थांबला.
इतका वेळ थांबला की मला वाटलं, नको म्हणेल.
मग पुठ्ठा आवाज करत सुटला.
सुतळी कापली नाही, गाठ सोडवली,
गुंडाळून खिशात टाकली.
मोज्याच्या विणीत अडकलेले कोंब
एकेक मोकळे केले, बोल्ट काढल्यासारखे,
पाव वळण पुढे, पाव वळण मागे.

सुरकुतलेला बटाटा त्याने दिव्याकडे धरला,
नाकाजवळ नेला, फिरवत राहिला.
मागे टोस्टरवाली बाई खोकली.
"सात डोळे," एडमंड म्हणाला,
"आणि एकही घसरलेला नाही."