बिल्ला

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
एक खोली इतकी स्वच्छ
की चपला बाहेर, केसांवर टोपी, बोलणंही हळू.
तिथं मी काड्यापेटीएवढी एक वस्तू तपासते.
आत सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा.
त्यातून कण गेला
की पडद्यावरचा आकडा एकानं सरकतो.
कधीतरी ती अंतराळवीराच्या छातीवर बसेल,
चारशे किलोमीटर वर,
जिथं अंगावर ओढायला हवासुद्धा नाही.

बाबाही बिल्ला लावायचे.
भरमाण्णा हुंदरे, सिव्हिलमधले एक्स-रेवाले.
वडगावच्या विणकरांच्या छात्या,
यळ्ळूरचे मोडलेले खुबे,
निपाणीची, तंबाखूनं भरलेली फुफ्फुसं.
"श्वास धरा" म्हणायचे, नाहीतर "उसिरु हिडीरी",
आणि दोन्ही भाषांत माणसं
सारखीच दगड व्हायची.

बिल्ला काळा, आत फिल्मचा तुकडा.
तीन महिन्यांनी टपालानं जायचा,
पुढं दोन महिन्यांनी उत्तर यायचं;
उन्हाळ्यात काय लागलं ते दिवाळीला कळायचं.
उत्तर एकच: निरंक.
आई तो कागद देव्हाऱ्यात ठेवायची,
वर हळदकुंकू.

रिटायर झाल्यावर एकदा, भाकरी मोडता मोडता,
दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं म्हणाले,
"आकडा वाढला की खोलीतनं उठवतात गं.
भत्ता तुटतोय. मग तुझी फी?"
म्हणून बिल्ला ड्रॉवरमध्ये असायचा,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात.
बावीस वर्षं सरकारनं
त्या डब्याचीच मोजणी केली.

उजव्या हाताची दोन नखं काळी पडलीत.
ते म्हणतात, डेव्हलपरनं.
असेल.

सोमवारी मीटिंगमध्ये मी विचारलं,
"ही अंगावर आहे की पिशवीत, हे तिला कळतं का?"
इटगी साहेब हसले.
"अंतराळवीर आहेत हो ते. कशाला काढून ठेवतील?"
मी म्हणाले,
"त्यांनाही पुन्हा वर जायचं असेल ना, सर."
पंखा फिरत राहिला.
मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.
आता नव्या नकाशात मागच्या बाजूला
तांब्याचा एक ठिपका आहे, कातडीची ऊब ओळखणारा.
कागदोपत्री ती सूचना साहेबांची.
असू दे.

चाचणीचा एक नग आठवडाभर माझ्याकडे होता, रजिस्टरवर सही करून.
राकसकोपच्या वाटेवर आकडा जरा वाढला,
बसस्टँडवर नाही, मला वाटलं होतं वाढेल.
शनिवारी रात्री बाबांनी तो हातात घेतला,
उलटा केला, कानाला लावला.
"ह्याला खोटं बोलाय येतंय काय गं?"
"अजून तरी नाही."
"मग काय उपयोग," म्हणाले, आणि हसले,
पण परत दिला नाही.
सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवला,
वरून बटण लावलं, अगदी नीट,
पहिल्या दिवशी ड्यूटीवर निघाल्यासारखं.

आम्ही दोघं बसलो. कुठल्या तरी मेलेल्या ताऱ्यातून
काहीतरी आलं, कौलांतून, माळ्यावरच्या तांदळाच्या पोत्यांतून,
त्यांच्यातून.
एक.
बऱ्याच वेळानं आणखी एक.

सोमवारी रजिस्टरमध्ये
"वापरणाऱ्याचं नाव" या रकान्यात
मी माझं खोडलं.