पाच मालोती

पत्र्यावर दोन पॅनेल, खाली माझं दुकान,
एका चार्जिंगचे पाच मालोती.
फोन ठेवा, मेंढ्या बघून या,
संध्याकाळी टोकन द्या, घेऊन जा.
बावीस वायरी आहेत माझ्याकडे,
आणि कुठला फोन कुणाचा, हे मला
फुटलेल्या काचेवरून कळतं.

मालिनेओ एक दिवसाआड यायची.
दरीच्या तळातून, दोन तास,
गाढव मोकळं असेल तर गाढवावर, नाहीतर पायी.
मग आठवडाभर फिरकली नाही.
मला वाटलं, आजारी असेल.
आठव्या दिवशी आली, फोन फळीवर ठेवला
आणि म्हणाली, अजून एकोणीस टक्के आहे, न्ताते,
पण म्हटलं तुम्हाला भेटून जावं.

तिच्या भाच्यानं, मोहापीनं,
फोनच्या पोटात शिरून
फोर-जी बंद केलं होतं. नुसतं टू-जी.
हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं,
लोकर विकायला आलेल्या अकरा माणसांसमोर,
मोठ्यानं.

महिनाभरात माझ्या बावीस वायरींपैकी
नऊ रिकाम्या लोंबायला लागल्या.

मी म्हणालो, थोतांड आहे.
धंदा बसायला लागला की
माणसाला थोतांड फार लवकर दिसतं.
म्हणालो, सिद्ध करून दाखवतो.
एकाच कंपनीचे दोन फोन, एकाच वयाचे,
एकाला फोर-जी, एकाला टू-जी,
दोन्ही गच्च भरून फळीवर शेजारी शेजारी निजवले.
सकाळी लोक जमले.
एकात एक्क्याण्णव, एकात नव्वद,
आणि नव्वदवाला टू-जीचा.
मी सगळ्यांना चहा पाजला. फुकट.

मालिनेओ वाद घालत बसली नाही.
तेच दोन फोन पुन्हा भरायला लावले,
दहा मालोती मोजून दिले,
ब्लँकेटच्या घडीत दोघांना घातलं
आणि दरी उतरून गेली.
दुसऱ्या दिवशी परत आली.
टू-जीवाला अठ्ठ्याहत्तर.
फोर-जीवाला तिनं नुसताच माझ्या हातात दिला,
काळा, थंड, पाटीच्या तुकड्यासारखा.

माझं दुकान खिंडीत.
टॉवर समोरच्या डोंगरावर, दगड मारला तर लागेल.
इथे फोन कुजबुजला तरी भागतं.
तिच्याकडे चारी बाजूंनी कडे.
फोर-जीची एक काडी येते, जाते,
आणि फोन रात्रभर हाका घालत राहतो,
घसा बसेपर्यंत.
टू-जीचा आवाज जुना, जाड,
तो कसाबसा खालपर्यंत पोचतो.
म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं.
मला ते जास्त लागलं.

जुलैत बर्फ पडला. भर दुपारी ती आली,
खांद्यावर बर्फ, फोनमध्ये साठ टक्के.
ब्लूमफोंटेनला लेक बाळंत झालेली.
तिनं फोटो पाठवला होता, तीन दिवसांपूर्वी.
तीन दिवस मालिनेओनं
एक राखाडी गोल फिरताना पाहिला होता.
याला जरा पुन्हा शहाणा करा, ती म्हणाली.

मी सेटिंगमध्ये गेलो, टू-जीचं फोर-जी केलं.
फोटो एका श्वासात उतरला.
झोपलेलं, लाल, कपाळाला आठ्या.
ती बराच वेळ बघत होती.
कान आमच्याकडचे, एवढंच म्हणाली.
मग फोन माझ्याकडे सरकवला:
आता होता तसा करा.

केला.
तिनं पाच मालोती ठेवले.
म्हटलं, मी चार्ज कुठे केला?
म्हणाली, माहीत आहे,
आणि ब्लँकेटची पिन लावत बाहेर पडली.

दारावर आता खडूनं एक ओळ वाढवली आहे:
दरीतल्यांना सेटिंग बदलून मिळेल.
खिंडीतल्यांनी विचारू नये.

नऊ वायरी अजून रिकाम्याच आहेत.
एकीला मी माझा रेडिओ लावला आहे.