अर्धा एकर

टाउन हॉलच्या तळघरात, हीटर खोकत असताना,
नियम वाचला गेला :
अर्ध्या एकराहून लहान तुकडा पाडता येणार नाही.
रस्ता पन्नास फूट. घरामागे दोन गाड्यांची जागा.
बदलायचा का?
मी इतिवृत्त लिहीत होते.

केल्सी थिबोडो उठली. स्कूलबस चालवते,
चौतिसाव्या वर्षी आईच्या गॅरेजवर राहते.
म्हणाली, "मला अर्धा एकर गवत कापायचं नाहीये.
एक दार हवंय,
ज्याची किल्ली माझी मला हरवता येईल."

कुणीतरी हसलं. ते मी लिहिलं नाही.

मग म्हातारे ऑर्विल पेलेटिए
"गावाचा तोंडवळा बिघडेल" म्हणायला उभे राहिले
आणि मध्येच थांबले.
बोटांवर काही मोजलं.
"आमचं पहिलं घर चाळीस फुटांच्या पट्टीवर होतं.
शेजारणीची शिंक ऐकू यायची.
आपल्याच नियमात ते आज बसणार नाही."
खाली बसले. कोणत्या बाजूचे, ते सांगितलंच नाही.

चार विरुद्ध तीन. मंजूर.

बाहेर बर्फाखाली जमीन तशीच, अखंड.
तिला अजून कळलं नव्हतं.
केल्सी गाडीची काच खरवडत होती.
सहाला बस काढायची होती तिला,
दुसऱ्यांच्या दारांपुढे
थांबत थांबत.