ऋ

घणसोलीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान.
दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचते.
एका फराट्यावरून, नुसत्या शेपटीवरून
ओळखते गोळी, डोस, जेवणाआधी की नंतर.
कुणाला म्हणत नाही, नीट लिहून आणा.

घरी मात्र म्हणायचे.
रोज दहा ओळी. मग वीस.
ऋजुता खोडरबर घासायची कागद फाटेपर्यंत,
आणि मी वरून, हे काय कोंबडीचे पाय?
स्वतःचं नावसुद्धा जमत नव्हतं तिला.
बारशाला केवढी मिरवले होते मी तो ऋ!

शाळेने खाडीवर नेलं, फ्लेमिंगो बघायला.
आली ती चपला न काढताच बोलत सुटली:
आई, ते डोकं उलटं करून खातात,
वरची चोच खाली, खालची वर,
आणि तो मागे वळलेला गुडघा असतो ना,
तो गुडघा नाहीच, घोटा आहे!
खरा गुडघा वर, पिसांत लपलेला.

निबंधात उतरलं एवढंच:
फ्लेमिंगो गुलाबी असतो. तो खाडीत असतो. मला आवडतो.
दहापैकी तीन. लाल शाईत: अक्षर सुधारा.
"बाकीचं कुठे गेलं गं?"
"हात दुखला. मग सोपे शब्द घेतले."

इतके दिवस मी
भलत्याच सांध्याला दोष देत होते.

वाशीच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या,
वही राहू दे थोडी. कणीक मळू दे,
कपडे वाळत घालू दे, घट्ट चिमटे लावून.
आता आमच्या गॅलरीत
एकेका मोज्याला चार चार चिमटे.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा
ती स्टुलावर बसून बोलते,
मी जुन्या बिलांच्या पाठीवर लिहिते.
"थांब गं, हात भरून आला."
"बघ," म्हणते. एवढंच.

भोईर सर तोंडी उत्तरं ऐकायला तयार आहेत.
गुण देता येतील का, ते विचारून सांगतो म्हणाले.
अजून सांगितलेलं नाही.

काल डब्यात चिठ्ठी आली.
ओळ उजवीकडे घसरत गेलेली,
पोळीचा ळ पोळीहून मोठा:
पोळी जाड झाली. मीच लाटली.
खाली ऋ, मान उलटी केलेला.

औषध दिलं की मारतो
तो शिक्का हातात होता.
नाही मारला.