सेंटरिंग

बेतीच्या टेकडीवरचं ते सपाट डोक्याचं घर
आधी लाकडात बांधलं गेलं.
भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर मोजणाऱ्या
कॉलेजच्या मुलांना हे ठाऊक नसतं.
ती दाराजवळच्या पितळी पट्टीचा फोटो घेतात:
वास्तुशिल्पी व्हिल्फ्रेद कुएल्यो, १९६७.

माझे बाबा, सोयरू मेस्त, देवळांचे दरवाजे करायचे.
त्यांच्यासमोर कुएल्योबाबने निळा कागद पसरला.
कौलं नाहीत. वासे नाहीत. बलकांव नाही.
नदीच्या अंगाला स्लॅब अकरा फूट पुढे जाईल,
खाली खांब नाही.
बाबांनी कागद उलटा करून पाहिला,
मग सुलटा,
मग विचारलं, पाणी खंयच्यान वतलें?
याचं उत्तर कुएल्योबाबला
पुढची अठरा वर्षं देता आलं नाही.
दोतोर एव्हारिस्तो पियानोवर परात ठेवत राहिले.

फळ्या आणल्या रायबंदरहून,
मोडीत काढलेल्या एका पडावाच्या.
वेगवेगळ्या रुंदीच्या, काही खाऱ्या पाण्याने काळ्या.
बाबांनी त्या मुद्दाम रंधल्या नाहीत.
आतून करंजेल चोपडलं, फटींत मेण भरलं,
आणि पोफळीच्या दोनशे टेकूंवर
एक अख्खं घर आडवं निजवलं.
आम्ही पोरं त्या लाकडी घरात एक संध्याकाळ खेळलो.
वास अजून नाकात आहे: तेल, भुसा, जुनी मासळी.

जानेवारीच्या पाच तारखेला स्लॅब पडला.
सिमेंट फेरीबोटीतून आलं, परवान्यावर, मोजून.
बायकांची रांग रात्री दोनपर्यंत घमेली चढवत होती
पेट्रोमॅक्सच्या उजेडात.
सोळा तारखेला कौल होता.
गोवा महाराष्ट्रात जायचा तर फूल,
नाही जायचा तर दोन पानं.
टेकूंच्या जंगलात दुपारी भाकरी खाताना
गवंडी आणि सुतार एकमेकांचे बाप काढत.
वर काँक्रीट गप्प घट्ट होत होतं.
मतं पडली, मोजली गेली,
कुणी फटाके लावले, कुणी दारं लावून घेतली.
स्लॅबचे एकवीस दिवस भरायचे होते.

सव्वीसला टेकू काढले.
फळ्या सुटताना कातडं सोलल्यासारखा आवाज आला.
जेवणघराच्या छतात पडावाची प्रत्येक रेघ उतरली होती,
गाठी, खिळ्यांची भोकं,
आणि मधोमध, तळहाताएवढं,
एक फूल. त्याच देठाला दोन पानं.
कुणीतरी चाकूने फळीत खोदलेलं
दगडात उठून आलेलं.

कुएल्योबाब लाल झाला. म्हणाला, गिलावा मारा.
दोतोर मान वर करून किती तरी वेळ उभे राहिले.
ते पानांवाले, साऱ्या बेतीला माहीत.
म्हणाले, राहू दे.
जेवताना भांडायला काही तरी हवं.

आता मुलं त्याच्याखाली झोपून फोटो काढतात.
त्यांची मॅडम म्हणते, हा निसर्गाचा संदर्भ.
मी काही बोलत नाही. मला चहाला बोलावलंय.

बाबांना ते घर कधीच आवडलं नाही.
ज्याचं लाकूड काढून टाकायचं ते घर कसलं, म्हणायचे.
आणि एखाद्या रात्री, थोडी घेतल्यावर:
घर मी बांधलं. त्यांनी नक्कल ओतली.
खोदलं कोणी, हे मी दोनदा विचारलं.
एकदा ते हसले,
एकदा कानाखाली बसली.

फळ्या चुलीत गेल्या, हेही मुलांना ठाऊक नाही.
एक उरली.
आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला मागच्या बाजूने ठोकलेली,
कोरलेली बाजू आत.
अंडी काढायला हात घातला की बोटांना लागते
फुलाची खळगी,
एका पानाची,
दुसऱ्या पानात सिमेंट अडकून राहिलंय.
ते मी खरवडत नाही.
छतातलं दुसरं पान टोकाशी तुटकं आहे,
पाहा कधी गेलात तर.