कमरेखालचा उन्हाळा

नारिनमध्ये जानेवारीत सकाळचे आठ म्हणजे अजून रात्रच.
थिएटरच्या खिडकीला आतून बर्फाची साय धरलेली,
आणि डॉक्टर उलानबेक म्हणतात, "हीटर कमी करा, घाम येतो."
त्यांच्या अंगावर झगा, झग्याखाली शिशाचं जाकीट.
टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या अंगावर एक चादर,
धुऊन धुऊन जाळी झालेली.

सोरोनबाय. वय चौऱ्याहत्तर. मेंढवाड्याच्या दारात घसरले,
खुबा मोडला.
डोक्यावरची पांढरी नमद्याची टोपी काढू देईनात,
तिच्यावरूनच मी हिरवी टोपी चढवली.
डॉक्टरांनी बघितलं. बोलले नाहीत.

पाठ वाकवायला सांगितली, स्पिरिट पुसलं.
गार ओघळ मणक्यांवरून उतरला तेव्हा
त्यांनी एक शिवी हासडली, लगेच माफी मागितली.
मग सुई.

पाच मिनिटांनी म्हणाले,
"पोरी, पाय कसे ऊबदार झाले. चुलीशी बसल्यागत."

इथेच फसगत होते.
उन्हाळ्यात आम्ही युर्ताच्या खालचा नमदा
गुंडाळून वर बांधतो, वारा यावा म्हणून.
सुई तेच करते, भर जानेवारीत.
पोटाशी धरून ठेवलेली ऊब
सैल पडलेल्या नसांतून पायांकडे धावते,
कातडीपर्यंत जाते, तिथून हवेत.
माणसाला वाटतं, उन्हाळा आला.
मी आकड्याकडे बघते. छत्तीस. पस्तीस पॉइंट सात.

अर्धा तास आधीच गरम हवेची रजई द्यायला हवी होती.
यंत्र एकच, ते प्रसूतीकडे होतं.
आत्ता कुठे मिळालं, आत्ता कुठे छातीवर फुगलं.

पूर्वी मी गरम पाण्याची बाटली ठेवायचे.
एकदा साइराच्या पोटरीशी ठेवली. सिझेरियन.
मुलगी झाली, सगळे हसत होतो, तीही.
संध्याकाळी पोटरीवर मुठीएवढा फोड.
ती एकदाही ओरडली नव्हती.
ओरडणार कशी? पाय तिचे होते,
पण तिला सांगायला ते तिथे नव्हते.
त्यानंतर ती बाटली मी माळ्यावर टाकली.

साडेनवाला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला, दिवा आला,
रजईचं यंत्र काही आलं नाही.
फुगलेला कागद म्हाताऱ्याच्या छातीवर बसत गेला.

आधी जबडा. मग दात. मग खांदे.
कमरेच्या वर सगळं थडथडतंय, खाली निवांत,
जणू एका टेबलावर दोन माणसं निजवलीत.
पडद्यापलीकडून आवाज: "हलू नका!"
"मी कुठे हलतोय," सोरोनबाय म्हणाले, "थंडी हलतेय."

मी धावत जाऊन माझा मेंढीच्या कातड्याचा कोट आणला,
पडद्याच्या अलीकडे त्यांच्या छातीवर घातला.
बोलोतने सलाइनची पिशवी स्वेटरच्या आत, काखेत धरली
आणि अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा
गंभीर चेहऱ्याने कोपऱ्यात बसून राहिला.

दातांच्या खडखडाटातून म्हातारा मलाच धीर देत होता:
"कोकरू कापतंय तोवर भ्यायचं नसतं.
कापायचं थांबलं, आणि हाताला गारच लागलं,
की मग कोटात घालायचं आणि पळायचं."
मी म्हणाले, "आजोबा, आमच्या पुस्तकात
हेच सांगायला सहा पानं घेतलीत."
"त्यांच्याकडे मेंढ्या नसतील," ते म्हणाले.

खिळा बसला. टाके झाले.
दुपारी एक वाजता शेजारच्या खोलीत
त्यांचा डावा अंगठा हलला, जरासाच,
पाण्याखालून कुणी ढुशी दिल्यासारखा.
तोंड वाकडं करून म्हणाले,
"काय गं हे? पायांना थंडी वाजतेय."

मी वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं: छत्तीस पॉइंट एक.
खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, लिहिलं:
पाय गार वाटतात म्हणून तक्रार करतो.

आणि मोजे शोधायला गेले.