गुरुवार, एक

लाँग आयलंडच्या खाडीकाठी लुडविका
पहाटे चारला अंडी वेचायची.
वही मेणकापडात, पेन्सिल कानामागे.
सोमवारी नऊशे बारा.
मंगळवारी सातशे तीस.
बुधवारी तिनं दोनदा मोजली,
मग तिसऱ्यांदा, पोलिश आकड्यांत,
जणू इंग्रजी आकडेच चोर.

बदकं आधी उजेडाला भ्याली.
कंदील आत नेला की पांढरी पाठ फिरवायची,
पापण्या डिंकानं चिकटल्यासारख्या.
मग पायच गेले.
पंखांची वल्ही करून सरपटत
पाण्याशी पोचायची
आणि तिथंच मान टाकायची.

मेलेली जड लागत होती.
तिचा बाप खाणीच्या खोकल्यानं
काडीकाडीनं गेला होता;
ही मात्र गुबगुबीत,
बाजाराला निघाल्यासारखी.

सरकारी डॉक्टर आला, ऑस्टरहाउट,
गुडघ्याएवढ्या रबरी बुटांतला.
एक पोट चिरून त्यानं दाखवलं:
आतड्यावर लाल कडी, बोटातल्या अंगठीसारखी.
"तिकडचं दुखणं हे, युरोपातलं," म्हणाला,
आणि तिच्या डोक्यावरचा रुमाल पाहून गप्प झाला.
लुडविका फावडं शोधायला गेली.

खड्डा, चुना, बुलडोझर.
चार हजार.
वहीत तिनं रेघ मारली, पट्टी न लावता.

एक मात्र तिनं एप्रनमध्ये लपवून आणलं.
न्हाणीघरातल्या टबात ठेवलं, दिवा मालवून.
नवव्या दिवशी डोळा उघडला,
ओला पाव खाल्ला, टबभर घाण केली.
जूनमध्ये डॉक्टर पुन्हा आला
तेव्हा तिनं ते दाखवलं,
शाळेत पहिलं आलेलं पोर दाखवावं तसं.

तो टबाच्या काठावर बसला.
"जगलं म्हणून सुटलं असं नाही, बाई.
रोग आत निजतो. वसंतात उठतो.
पाण्यात उतरतो."
"कुठवर?"
"जित्याची खोड आहे ही," तो म्हणाला,
आणि बाकीचं तिला समजलं.

त्या रात्री उत्तरेकडची रानबदकं खाडीत उतरली.
हिरवी डोकी, एकाचंही पाऊल अडखळेना.
ती पायरीवर बसून मोजत राहिली.
कोण कुठून काय घेऊन आलंय,
अंधारात कसं कळावं.

पहाटे चारला टबात हात घातला.
गरम होतं.
वहीत रेघेखाली तिनं लिहिलं:
गुरुवार, एक.
आणि पेन्सिल कानामागे न ठेवता
तशीच हातात धरून उभी राहिली.